दहा रुपयांची थाळी आणि माझ्या पगारातले दोनशे

दिवाळी होऊन आठवडाही झाला नव्हता, तोवर अण्णा, माझे वडील, गावाकडच्या अंगणात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. आमचं गाव जत तालुक्यात. तिथून त्यांना मिरजेला आणलं, ऑपरेशन झालं आणि सोळा दिवस आम्ही दवाखान्यातच होतो. रात्री भाऊ थांबायचा, दिवसा मी. कुपवाड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मी पगारपत्रकाचं काम बघते, पंधरा दिवसांची रजा टाकली होती. सकाळचा डबा घरून यायचा तो अण्णांपुरता. माझी दुपारची सोय मलाच बघायची होती. समोरच्या हॉटेलात थाळी एकशेवीस रुपये, वर पाच टक्के जीएसटी. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या आजोबांची सून म्हणाली, "ताई, तिकडं कशाला जाताय? चला माझ्यासंगं, दहा रुपयात पोटभर हाय." तिच्यामागून गेले आणि पुढे अकरा दुपारी राज्य सरकारच्या त्याच शिवभोजन केंद्रात जेवले.

केंद्राचं नाव देत नाही. चालवणारे नवराबायको साधी माणसं आहेत, त्यांना कसली चौकशी मागे लागायला नको. पण जेवणाबद्दल सगळं लिहिते.

ताटात काय येतं ते सरकारने ठरवून दिलंय: प्रत्येकी तीस ग्रॅमच्या दोन चपात्या, शंभर ग्रॅम भाजी, दीडशे ग्रॅम भाताची मूद आणि शंभर ग्रॅम वरण. पहिल्या दिवशी दुधीची भाजी होती, दाण्याचं कूट घातलेली. दुधी म्हटल्यावर तोंड वाकडं करणाऱ्यांतली मी, पण त्या दिवशी वाटी पुसून खाल्ली. वरणाला लसणाची फोडणी चुरचुरीत असायची. भात मोकळा, खडा एकदाही लागला नाही. मटकीची उसळ दोनदा मिळाली, बटाट्याचा रस्सा तीनदा, कोबी दोनदा. एका गुरुवारी वरण फार पातळ झालं होतं, वाटीचा तळ दिसत होता, आणि तेव्हा वाढणाऱ्या मावशींनीच "आज डाळ कमी पडली बाई" म्हणून सांगितलं. चपात्या मऊ, पण तळहाताएवढ्या. माझं पोट भरायचं. माझ्यासमोर बसणाऱ्या मार्केट यार्डातल्या हमालदादांचं भरायचं नाही. सकाळपासून पोती उचललेल्या माणसाला साठ ग्रॅम चपाती म्हणजे दोन घास. ते भात मागून घ्यायचे, मावशी मुकाट्याने अर्धी मूद जास्त टाकायच्या. आमच्या भागातल्या माणसाला ज्वारीची भाकरी लागते. चपातीऐवजी एक भाकरी दिली तर हेच ताट दुप्पट कामाचं होईल असं मला वाटतं.

ताटं स्टीलची, स्वच्छ धुतलेली. हात धुवायला नळ एकच, तिथे गर्दी होते. बाकं सहा. बसायला जागा मिळाली नाही तर भिंतीला टेकून उभ्याने जेवतात लोक. बाई म्हणून अवघडल्यासारखं एकदाही वाटलं नाही, आणि हे मी महत्त्वाचं मानते, कारण दवाखान्यात थांबणाऱ्यांत बायकाच जास्त असतात.

एकच गोष्ट रोज खटकायची, ती म्हणजे फोटो. दहा रुपये दिले की गल्ल्यावरचा मुलगा नाव विचारतो आणि मोबाइलवर तोंडाचा फोटो काढतो. थाळ्यांचा हिशेब सरकारला ॲपवर द्यावा लागतो, त्याशिवाय अनुदान मिळत नाही. कारण मला पटतं. तरी एक म्हातारी रोज फोटोच्या वेळी पदर ओढून घ्यायची, आणि मुलगा म्हणायचा, "आज्जी, पदर बाजूला घ्या, चेहरा दिसू दे." दहा रुपये मोजून जेवणाऱ्या बाईला रोज असं उघडं व्हायला लागू नये. मोजणीची दुसरी काहीतरी रीत निघायला हवी.

आता पैशाचं. ही योजना २६ जानेवारी २०२०ला सुरू झाली. तेव्हाच थाळीची किंमत ठरली: शहरात पन्नास रुपये, ग्रामीण भागात पस्तीस. जेवणारा दहा देतो, म्हणजे शहरातल्या थाळीमागे चाळीस रुपये सरकार घालतं. पहिल्या टाळेबंदीत थाळी पाच रुपयांना झाली आणि २०२१च्या दुसऱ्या लाटेत काही महिने फुकट. त्यानंतर पुन्हा दहा.

पगारपत्रकाच्या कामामुळे कुठलाही आकडा दिसला की माझं मन वजावटीकडे जातं. मला महिन्याला चौतीस हजार पगार आहे. नव्या पद्धतीत एवढ्या पगाराला आयकर बसत नाही. पण व्यवसाय कर बसतो, आम्ही ज्याला पीटी म्हणतो तो. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे, वर्षाचे अडीच हजार. बायकांना पंचवीस हजारांपर्यंत माफी आहे, मी त्याच्या वर आहे. अडीच हजारांना चाळीसने भागलं की साडेबासष्ट थाळ्या होतात. म्हणजे माझ्या पीटीतून वर्षाला बासष्ट माणसं एकेक दुपार जेवू शकतात. अकरा दिवसांत मी स्वतः खाल्ल्या त्या अकरा थाळ्यांचे चारशेचाळीस रुपये झाले. ते मी आधीच भरले होते. त्या बाकावर बसताना मला संकोच वाटला नाही तो यामुळे.

कारखान्यात दर महिन्याला कुणीतरी नवा मुलगा पगाराची स्लिप घेऊन येतो आणि विचारतो, "मॅडम, हे दोनशे कशाचे?" आजवर मी "पीटी" एवढंच सांगत आले. आता पुरतं सांगते. हा कर महाराष्ट्रात १९७५ साली लावला तो रोजगार हमी योजनेसाठी. बहात्तरच्या दुष्काळाच्या सुमारास मागेल त्याला काम द्यायचं म्हणून जी योजना निघाली तिचा पैसा शहरातल्या नोकरदाराकडून, व्यापाऱ्याकडून, बागायतदाराकडून घ्यायचा असं ठरलं. कल्पना वि. स. पागे यांची, ते विधान परिषदेचे सभापती होते. योजनेचा पहिला प्रयोग आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यात झाला. ज्याला पगार आहे त्याने ज्याला पाऊस नाही त्याच्या मजुरीसाठी द्यायचं. पुढे २००५ साली केंद्राने देशभराचा कायदा केला, त्याच्या मागे हीच योजना होती. इतकं सगळं पगाराच्या स्लिपवर दोन अक्षरांत मावलंय आणि ती अक्षरं छापणाऱ्या मलाच वीस वर्षं ते सांगावंसं वाटलं नव्हतं.

ते सांगावंसं वाटायला लागलं ते अण्णांमुळे. केंद्रातून थाळी बाहेर नेता येत नाही, तिथेच बसून जेवायचं असतं. त्यामुळे जेवून आले की अण्णा खाटेवरून विचारायचे, "आज काय हुतं?" मी भाजी सांगायची. एके दिवशी मटकी म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "बहात्तरला आम्हाला सुकडी मिळायची." ते तेव्हा बारा वर्षांचे. आज्जी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, हे आईच्या पाठी. कामावर सुकडीचं, म्हणजे कोरड्या पौष्टिक खाऊचं, वाटप व्हायचं, ती फडक्यात बांधून आज्जी धाकट्यांसाठी घरी आणायची. हाताला फोड आलेले असायचे, त्यावर ती गोडं तेल लावायची. अण्णांनी मला हे आजवर कधी सांगितलं नव्हतं. ऑपरेशनच्या गुंगीत की आणखी कशाने, त्या दुपारी सांगितलं. "कुणाच्यातरी पैशाची आली आसंल ती," एवढं म्हणून त्यांनी डोळे मिटले.

शनिवारी पुण्याहून धाकटे भाऊजी भेटायला आले. ते संगणक कंपनीत आहेत, वर्षाला अठरा लाख पगार. दुपारी मी त्यांना केंद्रावर घेऊन गेले. यायला तयार नव्हते. "वहिनी, आपण खाल्लं तर दुसऱ्याची थाळी कमी होईल." हे बरोबरच होतं, म्हणून त्या दिवशी मी जेवले आणि ते नुसते शेजारी बसले. पण बसल्या बसल्या बोलायला लागले, आणि मनातलं बोलले.

त्यांचा हिशेब मीच करून दिलेला आहे. अठरा लाखांतून पंचाहत्तर हजारांची प्रमाणित वजावट गेली की सव्वासतरा लाख. त्यावर नव्या दरांनी एक लाख पंचेचाळीस हजार कर आणि चार टक्के उपकर धरून एक लाख पन्नास हजार आठशे. महिन्याला साडेबारा हजार, हातात यायच्या आधीच कापलेले. पेट्रोलवर वेगळा कर, घर घेताना मुद्रांक शुल्क वेगळं. आणि सोसायटीत उन्हाळ्यात टँकर विकत, मुलाची शाळा खासगी, दवाखाना खासगी. "आम्ही भरतो आणि आम्हाला काय मिळतं?" हा प्रश्न ते चिडून विचारत नव्हते. थकून विचारत होते. मला तो खोटा वाटत नाही. पगारदाराला उत्पन्न लपवता येत नाही, ते माझ्याच टेबलावरून कापलं जातं. शेजारचा बिल न देता लाखोंचा धंदा करणारा माणूस त्यांच्याइतकाच रस्ता वापरतो आणि शून्य भरतो, ही चीड रास्त आहे.

पण "आमच्या पैशावर हे लोक जेवतात" हे त्यांचं पुढचं वाक्य मला मान्य नव्हतं, आणि मी ते तिथेच बोलून दाखवलं. त्यांचा आयकर दिल्लीला जातो. वाटून द्यायच्या करांतला एक्केचाळीस टक्के वाटा सगळ्या राज्यांत मिळून येतो, त्यातले महाराष्ट्राला सहा टक्क्यांच्या थोडे वर. उपकर तर त्या वाटणीत येतच नाही. ही थाळी राज्य सरकारची. राज्याची तिजोरी मुख्यतः भरते ती जीएसटीतल्या राज्याच्या वाट्याने, पेट्रोल-डिझेलवरच्या व्हॅटने, मुद्रांक शुल्काने, दारूवरच्या शुल्काने. म्हणजे समोर बसलेल्या हमालदादांनीही ती भरलेली आहे. त्यांच्या खिशात मोबाइल होता. दोनशे नव्व्याण्णवचा रिचार्ज मारला की त्यात अठरा टक्क्यांनी पंचेचाळीस रुपये एकसष्ट पैसे जीएसटी असतो, निम्मा केंद्राचा, निम्मा राज्याचा. सरकार थाळीमागे देतं चाळीस. अशा दोन रिचार्जमध्ये तो माणूस राज्याच्याच वाट्याचा कर एका थाळीच्या अनुदानाहून जास्त भरून बसलेला असतो. अंगाच्या साबणावर, दात घासायच्या पेस्टवर २२ सप्टेंबर २०२५पर्यंत अठरा टक्केच होते, आता पाच झाले. डाळ सुटी घेतली तर कर नाही, पाकिटातली घेतली की पाच टक्के, हे २०२२च्या जुलैपासून. हा कर भरायला पगाराची स्लिप लागत नाही. आणि साबणाची वडी भाऊजींनाही त्याच कराने मिळते, हमालदादांनाही. कमाईच्या मानाने कुणाला जड जातं हे सांगायला पगारपत्रक लिहिणारी बाई लागत नाही.

भाऊजी जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "वहिनी, मला या चाळीस रुपयांचं वाईट वाटत नाही. हे दिसतंय तरी. बाकीच्याचं काय?"

त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण तो प्रश्न माझाही आहे. आमच्या गल्लीत लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले गेले तेव्हा मीही कागद काढले होते. महिना दीड हजार. अट वाचली: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत. कागद परत कपाटात ठेवले. दोन घरं सोडून राहणाऱ्यांच्या दारात चारचाकी आहे, तीसुद्धा अटीत बसत नाही, पण पहिला हप्ता त्यांच्याच घरात सगळ्यांत आधी आला. जुलै २०२४पासूनचे पैसे निवडणुकीच्या तोंडावर भराभर वाटले आणि छाननी मागाहून सुरू झाली. तेव्हा सरकारी नोकरदार बायकाच काय, हजारो पुरुषांच्या नावावरही पैसे गेल्याचं निघालं. २०२५-२६च्या अर्थसंकल्पात या योजनेला छत्तीस हजार कोटी ठेवले होते. ज्या बाईला त्या दीड हजारात औषध येतं तिच्याकडून एक रुपया काढू नये असंच मी म्हणेन. आमच्याकडे धुणंभांडी करणाऱ्या ताईंनी त्यातून शिलाई मशीन घेतलंय, ते मी डोळ्यांनी बघितलंय. पण आधी वाटायचं आणि मग तपासायचं, हा माझ्या पैशाचा अपमान आहे, आणि तिच्याही.

थाळीला ही तपासणी लागत नाही, आणि तिची मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट तीच. उत्पन्नाचा दाखला नाही, रेशनकार्ड नाही, राहता कुठे हेही कुणी विचारत नाही. माझ्या शेजारी अथणीकडचे एक काका जेवायचे, कानडी आणि मोडकं मराठी बोलणारे, बायकोला ॲडमिट करून आलेले. मिरजेच्या दवाखान्यांत बरेच पेशंट सीमेपलीकडचे असतात. कर्नाटकातही २०१७पासून इंदिरा कँटीन आहे, जेवण दहाच रुपयांत, त्यामुळे त्यांना हे नवं नव्हतं. ज्याला गरज नाही तो दुपारी बारा वाजता उन्हात रांगेत उभा राहत नाही, फोटो काढून घेत नाही, दोन छोट्या चपात्यांसाठी बाकावर दाटीवाटीने बसत नाही. खडी फोडायलाही ज्याला दुसरं काही होतं तो गेला नव्हता.

यातही चोरी होते. मागे एकदा कामासाठी दुसऱ्या एका शहरात गेले होते, तिथल्या केंद्रावर मी स्वतः बघितलं. रांगेत कुणी नव्हतं आणि गल्ल्यावरचा मुलगा त्याच दोघा माणसांचे टोपी घालून, टोपी काढून, गमछा गुंडाळून फोटो काढत होता. एकेका फोटोला चाळीस रुपये. मी त्याला तोंडावर म्हटलं, "हे माझे पैसे आहेत." तो ओशाळला आणि म्हणाला, "बिलं निघत नाहीत मॅडम, काय करायचं?" चोरीला हे उत्तर होत नाही. पण बिलं थकतात हेही खरं आहे. २०२५मध्ये राज्यभरातले केंद्रचालक महिनोन्‌महिन्यांच्या थकलेल्या देयकांसाठी रस्त्यावर आले होते. मिरजेचं केंद्र चालवणाऱ्या दादांना मी विचारलं तेव्हा ते हिशेबाची वही घेऊनच आले. किराणा उधार, सिलिंडर रोख. थाळीचा दर मात्र २०२०ला ठरला तोच पन्नास. तेल, डाळ, मावशींचा पगार, सगळं तेव्हापासून कुठल्या कुठे गेलं. "पातळ वरण केलं की मलाच लाज वाटते ताई," असं म्हणताना त्यांचा आवाज खाली गेला. गुरुवारच्या त्या वाटीचा तळ का दिसत होता ते मला तेव्हा कळलं. कंपन्यांचा कर २०१९च्या सप्टेंबरात तीस टक्क्यांवरून बावीसवर आणला, तेव्हा वर्षाला एक लाख पंचेचाळीस हजार कोटींवर पाणी सोडल्याचं केंद्र सरकारनेच जाहीर केलं होतं आणि निर्णय एका दिवसात लागू झाला. थाळीच्या दरात पाच रुपये वाढवायला इतकी वर्षं का लागावीत?

मला भीती वाटते ती झुणका-भाकर केंद्रांचं झालं तसं होण्याची. १९९५ला एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली तेव्हा मी शाळेत होते. सांगलीच्या स्टँडजवळ अण्णांनी मला एकदा खाऊ घातली होती, झुणका तिखटजाळ होता आणि मी पाणी पीत पीत संपवला होता. पुढे अनुदान थांबलं, आणि ठिकठिकाणी त्या टपऱ्यांत चहा, वडापाव, मोबाइलची कव्हरं विकायला लागले. सरकार बदललं की आधीच्या सरकारने पाडलेलं नाव नकोसं होतं. नाव काही ठेवा, ताट ठेवा.

गुण द्यायचे तर चवीला पाचपैकी चार, स्वच्छतेला चार, प्रमाणाला अडीच. माणसांना पाच.

जाणाऱ्यांसाठी: बाराला सुरू होतं, साडेबाराच्या आत पोचा. दिवसाच्या थाळ्या ठरलेल्या असतात. दोन वेळा पावणेएकलाच संपल्या आणि मागची माणसं परत गेली. दहा रुपये सुटे न्या, गल्ल्यावर सुट्ट्यांची ओढाताण असते. पाण्याची बाटली आपली ठेवा. तुमच्या घरी डबा होत असेल तर जाऊ नका, मागे कुणीतरी उभं असतं. अण्णांना सोळाव्या दिवशी घरी सोडलं. निघायच्या आधी मी दादांना शंभराच्या दोन नोटा द्यायला गेले, वीस थाळ्यांचे म्हणून. त्यांनी घेतल्या नाहीत. "ॲपवर तशी सोय नाही," म्हणाले, आणि मावशींनी अण्णांसाठी कागदात बांधून एक केळं दिलं.